गोट्टुवाद्यम् : तारा चढविण्याचे शास्त्र

चेन्नईच्या एग्मोर भागातील शासकीय संग्रहालय १८५१ मध्ये स्थापन झाले. तेथील वाद्यांच्या संग्रहाची वर्णनात्मक सूची पी. सांबमूर्ती यांनी तयार केली असून ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. वाद्यांची ओळख सामान्यतः त्यांच्या आकारावरून करून दिली जाते. परंतु तंतुवाद्याचा प्राण तारेत असतो, आणि वाद्याच्या सर्व भागांत तारेचेच आयुष्य सर्वांत अल्प असते. म्हणून नवी तार चढविणे ही क्रिया किरकोळ मानता येत नाही. गोट्टुवाद्यम् अथवा चित्रवीणा या वाद्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

गोट्टुवाद्यम् दिसण्यात वीणेसारखे असले, तरी त्यावर पडदे नसतात. वादक डाव्या हातात लाकडाचा किंवा शिंगाचा गुळगुळीत दंडगोल धरून तो तारांवरून सरकवितो. विसाव्या शतकाच्या आरंभी तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव यांनी या वाद्याला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रसिद्ध गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांनीही त्यांच्यापाशी काही काळ शिक्षण घेतले होते. तंजावरच्या मराठी राजवटीचा वारसा दक्षिणेच्या संगीतात कसा मिसळून गेला, हे सखाराम राव या नावावरूनही मराठी वाचकाच्या लक्षात येईल.

आजच्या वाद्यावर साधारणतः एकवीस तारा असतात : सहा मुख्य, तीन बाजूच्या आणि बारा तरफांच्या. तरफा मुख्य तारांच्या खालून जातात व त्यांच्या नादाने आपोआप झंकारतात.

तार का बदलावी?

पोलादी तारेला घामातील क्षार आणि दमट हवा या दोहोंपासून धोका असतो. चेन्नई समुद्रकाठी आहे. शिवाय ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, आणि त्याच्या अखेरीस, डिसेंबरच्या मध्यापासून, शहरातील संगीताचा मोठा हंगाम सुरू होतो. तारेवर गंज चढला की तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, तिची कंपने अनियमित होतात आणि स्वर ‘खोटा’ वाजू लागतो. सरकत्या दंडगोलाने वादक सबंध स्वर किंचित वरखाली करू शकतो. मात्र एकच दंडगोल अनेक तारांवर टेकलेला असताना त्यांपैकी एका तारेचा दोष त्याला झाकता येत नाही.

ताणाचे गणित

तारेचा स्वर तिची लांबी, जाडी व ताण यांवर अवलंबून असतो, हा नियम मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये मांडला. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एखादी तार षड्जावरून पंचमापर्यंत चढवायची तर ताण सव्वादोन पट, आणि तार षड्जापर्यंत न्यायची तर चौपट करावा लागतो. ८० सेंटिमीटर लांबीची व ०.४ मिलिमीटर जाडीची पोलादी तार सेकंदाला १४७ कंपनांच्या स्वराला लावली, तर तिच्यावर सुमारे साडेपाच किलो वजनाइतका ताण येतो. अशा नऊ तारांचा एकत्रित ताण ५० किलोच्या घरात जातो. म्हणून एका स्वराची तार दुसऱ्या स्वराच्या जागी लावणे म्हणजे तार किंवा वाद्य यांपैकी एकाचे नुकसान ओढवून घेणे होय.

तार चढविण्याची रीत

सर्व तारा एकदम काढू नयेत. तसे केल्यास घोडीवरील दाब नाहीसा होऊन ती जागची हलते. एक तार काढावी, तिच्याखालील तरफ खराब असल्यास ती त्याच वेळी बदलावी आणि मोकळी झालेली जागा पुसून घ्यावी. नव्या तारेच्या टोकाला पीळ देऊन घट्ट फास करावा व तो शेपटाकडील आकड्यात अडकवावा. तार घोडीच्या खाचेतून नेऊन खुंटीच्या छिद्रात ओवावी. खुंटीवरील वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत, अन्यथा तार नंतर सरकत राहते. स्वर हळूहळू चढवावा. नवी तार काही काळ उतरत राहते, म्हणून ती पुनःपुन्हा लावावी लागते. मैफलीच्या दिवशी नवी तार चढवू नये, ते याच कारणाने.

अमेरिकेतील पेडल स्टील गिटारच्या वादकालाही हीच दक्षता घ्यावी लागते. तेथे पायाखालील पेडल दाबताच काही तारांचा ताण वादन चालू असतानाच बदलतो. रूढ दहा तारी मांडणीत तिसरी, सर्वांत बारीक तार या ओढीने वारंवार तुटते.

जुन्या वाद्याचा प्रश्न

संग्रहालयातील वाद्याला मात्र वेगळा न्याय लावावा लागतो. एग्मोरच्या संग्रहालयात १९३० पासून रासायनिक जतनाची प्रयोगशाळा आहे. जतनाच्या दृष्टीने जुन्या लाकडावर ५० किलोचा ताण देणे धोक्याचे ठरते, कारण सुकलेले सांधे उकलू शकतात. अशा वाद्यावर आकार समजण्यापुरत्या सैल तारा पुरेशा होत. त्याचा नाद ऐकण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि त्यासाठी त्याच मापाचे नवे वाद्य घडविता येते. जुने वाद्य एकदा फुटले की त्याची मापे घ्यावयासही काही उरत नाही.