झोळीसाठी जागा

भर उन्हात शेतावर राबणारी आई आपल्या तान्ह्या मुलासाठी बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते. परंतु दिसेल त्या झाडाला ती झोळी बांधीत नाही. फांदी मजबूत आहे ना, दुपार कलली तरी सावली टिकेल ना, खोडावर मुंग्यांची रांग नाही ना, हे सारे पाहून मगच ती गाठ मारते. रानात झोळीत निजू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसालाही हीच दक्षता घ्यावी लागते. फरक इतकाच, की त्याचा भार अधिक असतो आणि त्याला सारी रात्र काढावयाची असते.

दोन झाडांच्या मधे टांगलेल्या अशा झोळीला आज ‘हॅमॉक’ असेही म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून आला आहे. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील लोक कापसाच्या सुताच्या जाळ्या टांगून त्यांत निजत असल्याचे त्याने पाहिले. ओलसर जमीन आणि सरपटणारे प्राणी यांपासून दूर ठेवणारी ही शय्या पुढे युरोपातील दर्यावर्दी लोकांनी आपल्या जहाजांवर नेली. आज सह्याद्रीच्या रानात भटकणारे कित्येक गिर्यारोहकही ती पाठीवरच्या पिशवीत घालून नेतात. जमीन खडकाळ अथवा उतरती असली, तरी झोळीचे अडत नाही. दोन झाडे मिळाली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मात्र दोन झाडे मिळणे सोपे आणि दोन योग्य झाडे मिळणे अवघड असते.

राखीव वनात किंवा अभयारण्यात मुक्काम करावयाचा असल्यास वनखात्याची परवानगी प्रथम घ्यावी लागते, आणि मुलांनी जाणत्या माणसांच्या सोबतीवाचून रानात रात्र काढू नये. जागेचा शोध सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास सुरू करावा. अंधार पडल्यावर हातातील दिव्याचा उजेड थोड्याच जागेवर पडतो. झाडाच्या शेंड्याजवळची वाळकी फांदी त्या उजेडात दिसेलच, असा भरवसा नसतो.

जागा निवडताना पहिली नजर वर टाकावी. वठलेली मोठी फांदी वारा नसतानाही मोडून पडू शकते. झोळीत निजलेला माणूस कापडात गुरफटलेला असतो. त्याला चटकन बाजूला होता येत नाही. म्हणून ज्या दोन झाडांना झोळी बांधावयाची ती, आणि आसपासची झाडेही, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळावीत. साल सुटून लोंबत असेल, खोडावर अळंबी उगवली असतील, वाळवीची माती चढली असेल किंवा बुंध्यावर ठोकल्यास पोकळ आवाज येत असेल, तर ते झाड सोडून द्यावे.

येथे एक चूक संभवते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, सावर अशा झाडांची पाने झडून जातात. पाने नाहीत एवढ्यावरून ती झाडे वठली, असे समजू नये. बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडली, आणि आत ओलसर हिरवा थर दिसला, तर ती डहाळी जिवंत आहे असे जाणावे. तथापि, जिवंत झाडही झोळीला उपयोगी असतेच असे नाही. सावर आणि पांगारा यांचे लाकूड मऊ असून त्यांच्या अंगावर काटे असतात. बिब्ब्याचा चीक लागला, तर अंगावर फोड उठतात. खाजकुयलीचा वेल जवळ असल्यास तिच्या शेंगांवरील कुसांनी अंगाची आग होते. ज्या झाडावर आग्या माशांचे मोहोळ किंवा पाने शिवून केलेले तांबड्या मुंग्यांचे घरटे असेल, तेथून तर दूरच राहावे. ऐन किंवा जांभूळ यांसारखे निरोगी, सरळ आणि निदान मांडीएवढ्या जाडीचे झाड या कामाला चांगले.

दुसरी नजर जमिनीवर टाकावी. झोळी सुटली, तर माणूस कशावर आदळेल, हे आधी पाहावे. तोडलेल्या कारवीचे टोकदार खुंट किंवा दगडांची रास खाली नसावी. डोंगरकड्याच्या पायथ्याशी ताजे फुटलेले दगड पडलेले असतील, तर वरून आणखी दगड येतील अशी ती सूचना होय. ओढ्याच्या काठची जागा दिसावयास रमणीय असते. परंतु वर डोंगरात पाऊस पडला, तर खाली आकाश निरभ्र असतानाही ओढ्याला लोंढा येऊ शकतो. पूर्वीच्या पुराची खूण झाडेच सांगतात. बुंध्यांना अडकलेले वाळके गवत आणि काटक्या जेथवर दिसतील, तेथवर पाणी चढले होते असे समजावे. शिवाय रात्री रानातील जनावरे पाण्यावर येतात. गव्यांच्या किंवा डुकरांच्या ताज्या खुरांचे ठसे जेथे दिसतील, ती त्यांची वाट होय. ती अडवू नये. म्हणून पाणवठ्यापासून सुमारे दोनशे फूट दूर आणि पुराच्या खुणेहून बरेच उंच असावे.

तिसरा विचार वाऱ्याचा. डोंगराच्या धारेवर आणि खिंडीत वारा जोराने वाहतो. वादळी हवेत उंचावरच्या एकाकी झाडावर वीज पडण्याचे भय असते. उलट, रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. या दोहोंच्या मधली, डोंगराच्या कुशीतील आडोशाची जागा म्हणूनच अधिक सुखाची असते. झोळीत थंडी खालून लागते. पाठीखाली दबलेल्या पांघरुणातील हवा निघून गेल्यामुळे त्याची ऊब कमी होते आणि खालून वारा लागत राहतो. यासाठी घोंगडी असल्यास ती प्रथम पाठीखाली अंथरावी.

आता बांधण्याचा प्रश्न येतो. दोन झाडांमध्ये १२ ते १५ फूट अंतर, म्हणजे मोठ्या माणसाची पाच-सहा पावले, पुरेसे होते. दोरी जितकी ताणावी तितकी झोळी मजबूत, अशी समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असतील, तर ४० किलो वजनाच्या मुलामुळे प्रत्येक दोरीवर सुमारे ४० किलो वजनाइतका ताण पडतो. त्याच दोऱ्या ताणून हा कोन १० अंशांवर आणला, तर ताण सुमारे ११५ किलो वजनाइतका होतो. कारण आडव्या दोरीची बहुतेक ओढ बाजूला जाते. वजन वर उचलून धरणारा तिचा अंश थोडाच उरतो. कोन मोजण्यास साधन नको. तर्जनी आडवी आणि अंगठा तिच्याशी काटकोनात उभा धरावा. दोरी या दोन्हींच्या टोकांना स्पर्श करील, तेव्हा कोन सुमारे ३० अंशांचा झाला असे समजावे. बसल्यावर झोळी जमिनीपासून दीड फुटाहून उंच नसावी, म्हणजे पडले तरी मोठी इजा होण्याचा धोका कमी राहतो. किल्ल्यावरील पडक्या भिंतीला किंवा दगडी खांबाला मात्र झोळी कधीही बांधू नये. जुने बांधकाम आडव्या ओढीने ढासळते. माणसाचा जीव धोक्यात येतो आणि ऐतिहासिक वास्तूची कायमची हानी होते.

झाडाचाही विचार करावयास हवा. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील नाजूक थरातून मुळांकडे जाते. बारीक दोरी तेथे रुतली, तर हा मार्ग तुटतो. यासाठी बुंध्याभोवती नवारीसारखी रुंद पट्टी गुंडाळावी आणि दोरी तिला बांधावी. खिळा ठोकू नये, फांद्या छाटू नयेत. सारे बांधून झाले, की एकदम अंग झोकून देऊ नये. प्रथम दोन्ही हातांनी भार देऊन पाहावा, मग सावकाश बसावे आणि शेवटी किंचित तिरके निजावे. तिरके निजल्याने पाठ सरळ राहते. पहाटे उतरताना आधी खालची जमीन दिव्याच्या उजेडात पाहावी आणि बूट झटकून मगच पायांत घालावेत, कारण विंचवाला अशी बंदिस्त जागा आवडते.

या साऱ्या तपासणीला फार तर अर्धा घटका वेळ लागतो. रान कोणाचे वैर करीत नाही, तसा कोणाचा मुलाहिजाही ठेवीत नाही. वठलेली फांदी, पुराची खूण, खुरांचा ठसा हे सर्व तेथे उघडेच असते. ते पाहणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो. आणि सकाळी झोळी सोडून निघाल्यावर त्या दोन झाडांवर ओरखडाही राहिला नसेल, तर पाहुण्याने आपले कर्तव्य नीट पार पाडले असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. शेतावरील आई झोळी बांधण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहते?
२. पाने झडलेले झाड जिवंत आहे की वठलेले, हे कसे ओळखावे?
३. कारणे लिहा : (अ) ओढ्याच्या काठी झोळी बांधू नये. (आ) झोळीची दोरी फार ताणून बांधू नये. (इ) बुंध्याभोवती रुंद पट्टी वापरावी.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दक्षता घेणे, मुलाहिजा ठेवणे, न्याहाळणे, अंग झोकून देणे.
५. तुमच्या शाळेच्या किंवा घराच्या परिसरातील दोन झाडे निवडा. ती झोळीसाठी योग्य आहेत की नाहीत, हे सकारण दहा ओळींत लिहा.