मोठी न होणारी पिल्ले

भेंडीवर, कपाशीवर तांबडे किडे बसलेले तुम्ही पाहिलेच असतील. हा तांबडा ढेकूण. तो बियांतला रस शोषतो. त्याचे पिल्लू पाच वेळा कात टाकते. पाचव्या वेळी पंख फुटतात. मग मादी अंडी घालते. म्हणजे पिल्लू मोठे झाले, तरच वीण वाढते.

पिल्लाच्या अंगात एक रस पाझरतो. तो आहे तोवर पिल्लू पिल्लूच राहते. रस थांबला, की ते मोठे होते.

आता एक खरी गोष्ट वाचा. या ढेकणाचा एक भाऊबंद युरोपात असतो. कारेल स्लामा हे शास्त्रज्ञ प्राग शहरात तो पाळत. १९६४ साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विल्यम्स यांच्याकडे गेले. किडे बरोबर नेले. पण तिथे पिल्ले मोठी होईनात! पाचवी कात टाकूनही ती पिल्लेच राहात, आणि तशीच मरत.

असे का व्हावे? दोघांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली. शेवटी दोष सापडला कागदात! भांड्यात हात पुसायचा कागद घातला होता. तो काढताच पिल्ले नीट वाढली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कागदानेही वाढ अडली. लंडनच्या ‘टाइम्स’च्या कागदाने मात्र अडली नाही.

तो अमेरिकन कागद बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लाकडाचा होता. हे झाड आपल्या देवदाराच्या कुळातले. त्याच्या लाकडात किड्याच्या रसासारखेच काम करणारे द्रव्य असते. १९६६ साली बॉवर्स यांनी ते ओळखले. त्याचे नाव जुवाबायोन. लाकडाचा लगदा झाला, कागद झाला, तरी ते टिकले. त्याच वर्षी सक्सेना आणि विल्यम्स यांनी दाखवले, की कागदातल्या या द्रव्याने आपल्याकडचा तांबडा ढेकूणही मोठा होत नाही.

म्हणून कुणी भेंडीला वर्तमानपत्र गुंडाळू नका हो! पण यातून एक गोष्ट घ्या. पीक बिघडले, की आपण कपाळाला हात लावून बसतो. तसे करू नये. काय बदलले ते पाहावे. बी? पाणी? खत? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तारीख घालून वहीत लिहावे. आता तुम्हाला लिहिता येते. ते सहीपुरतेच ठेवू नका.

प्रश्न
१. पिल्लू मोठे झाले नाही, तर वीण का वाढत नाही?
२. दोष कागदात आहे, हे कसे कळले?
३. तुमच्या शेतात किंवा घरात यंदा काय बदलले? तीन ओळी लिहा.