पाणथळींतील पक्षी व कांठची शेती

बुलढाणा जिल्ह्यांत पाणपक्षी पाहावयाचे झाल्यास लोणारचें सरोवर हें पहिलें ठिकाण होय. उल्कापातानें झालेला हा खळगा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा असून त्यांतील पाणी खारें आहे. पक्ष्यांची खरी वर्दळ मात्र मध्यभागीं नसते. धारेच्या झऱ्याचें गोडें पाणी जेथें खाऱ्यास मिळतें, त्या दलदलीच्या पट्ट्यांत ती असते. हें स्थळ इ. स. २००० मध्यें अभयारण्य झालें, व २०२० सालीं जगांतील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत गेलें. कमळजा देवीच्या दर्शनास जातां येतां पुष्कळ वाचकांनीं हे पक्षी पाहिले असतील. परंतु पाहणें निराळें आणि निरखणें निराळें. निरखण्यांत शेतकऱ्याचें हिताहित आहे, म्हणून हा लेख.

प्रथम पाय व चोंच पाहावी. शेकाट्याचे पाय लांब, गुलाबी व काडीसारखे, आणि चोंच सुईसारखी सरळ. तो उथळ पाण्यांतील किडे टिपतो. पिकाकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. टिटवी कांठच्या मातींतील किडे वेंचते. काळ्या शराटीची चोंच विळ्यासारखी बांकदार व माथ्यावर तांबडा डाग असतो. नांगरलेल्या रानांतील अळ्या व भुंगेरे हें त्याचें खाद्य. चक्रवाक मात्र निराळा. हा नारिंगी रंगाचा बदक थंडीच्या आरंभीं लडाख-तिबेटाकडील उंच सरोवरांवरून येतो, आणि कोवळे अंकुर व दाणेहि खातो. त्यास सर्वथा निर्दोष म्हणतां येणार नाहीं.

कधीं अवचित पाहुणाहि येतो. रोहित पक्षी हा त्यांतला. तो वांकडी चोंच उलटी धरून पाणी गाळतो व त्यांतील सूक्ष्म जीव खातो. त्या अन्नांतील रंगद्रव्यांमुळेंच त्याचीं पिसें गुलाबी होतात. जून २०२० मध्यें लोणारचें पाणीच गुलाबी झालें होतें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासलें तेव्हां तोहि रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा ठरला. लोकांनीं तोंपर्यंत नाना तर्क केले होते!

आतां शेताकडे वळूं. खडकपूर्णेच्या धरणाचें पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनींत एके वर्षीं हरभऱ्याचे कोंब रातोरात खुडले गेले. दिवसा तेथें बगळे उभे दिसत, म्हणून दोष बगळ्यांवर आला, आणि विषारी दाणे टाकण्याची तयारी झाली. आम्हांस बोलावणें आलें. महसुली नोकरींत आमचा जन्म बांधावर गेला असल्यानें आम्ही आधीं चिखल पाहिला. ठशांत बोटांच्या मध्यें पडद्याची खूण स्पष्ट होती. बगळ्याचीं बोटें लांब व सुटीं असतात, मागचें बोटहि लांब उमटतें. शिवाय तो किडे-बेडूक खाणारा. हें काम रात्रीं चरणाऱ्या चक्रवाकांचें होतें. विष टाकलें असतें तर बगळे तर मेलेच असते, पण कोंबड्याहि वांचल्या नसत्या, आणि गुरें पितात तें पाणी नासलें असतें. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं गुन्हा झाला असता तो वेगळाच. एक मनुष्य कंदील व पत्र्याचा डबा घेऊन काहीं रात्रीं राखणीस बसला. रोपें राठ झाल्यावर उपद्रव थांबला.

ज्यांचें शेत पाण्याकांठीं आहे त्यांनीं पीकपाहणीप्रमाणें एक वही ठेवावी. तारीख, जागा, पक्षी, संख्या, आणि तो काय खात होता, एवढे रकाने पुरेत. शेवटला रकाना रिकामा सोडूं नये. सूर्योदयानंतर दोन तासांत, ऊन पाठीशीं घेऊन, एकाच जागीं बसावें. पांढरा सदरा दुरून दिसतो. वर मातकट घोंगडी घ्यावी. चैत्र सरतां सरतां चक्रवाक उत्तरेस निघून जातात. मग नांगरटीच्या मागें शराटी उतरूं लागतात. त्यांची नोंद वेगळ्या पानावर करावी.