मलबार हिलवरचे राजभवन

प्रश्न : सापगावच्या रहिवाशांना मुंबईचे राजभवन आतून पाहता येते का?

उत्तर : येते, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून. मलबार हिलच्या टोकावरचे, तीन बाजूंनी समुद्र असलेले हे राज्यपालांचे निवासस्थान आता लोकभवन म्हणून ओळखले जाते. 1885 पासून मुंबईचे गव्हर्नर येथे कायमचे राहू लागले. त्याआधीचे त्यांचे निवासस्थान परळला होते. त्याच वास्तूत आज हाफकिन संस्था आहे.

सर्वांत पाहण्याजोगे आहे ते जमिनीखाली. 2016 मध्ये येथे 13 खोल्यांचे ब्रिटिशकालीन भुयार सापडले. त्यात आता क्रांतिकारकांचे दालन असून त्याचे उद्घाटन 14 जून 2022 रोजी झाले. ज्या सत्तेने हे बंकर बांधले, तिच्याविरुद्ध लढलेल्यांनाच तिथे जागा मिळाली, हे विशेष! श्रीगुंडी देवीचे मंदिरही आवारातच आहे.

फेरी सहसा भल्या सकाळी असते. सापगावजवळच्या आसनगाव स्थानकाहून लोकलने दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड किंवा चर्नी रोड गाठेपर्यंत बराच वेळ जातो. त्यामुळे आदल्या रात्री मुंबईत मुक्काम केलेला बरा. मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. राज्यपालांच्या कार्यक्रमांमुळे भेटी बंद असू शकतात. निघण्यापूर्वी नोंदणीची खात्री करावी.