खोडायचे काय, राहू द्यायचे काय?



मागे एका व्हॉट्सॲप समूहात, ज्याचे ॲडमिन आम्हीच आहोत, एका शेजारी समाजाविषयी विखारी मजकूर येऊन पडला. वाद नको म्हणून आम्ही दोन दिवस गप्प बसलो. तोवर त्याच सुरातले आणखी दहा-बारा संदेश त्याखाली जमा झाले. आमचे ते मौन शहाणपणाचे होते की भित्रेपणाचे? या प्रश्नाचा आज थोडा अभ्यास करू या.

अमेरिकेतील रेडिट या संकेतस्थळावर लोक आवडीच्या विषयांचे गट चालवतात. त्यातले काही गट मात्र लठ्ठ माणसांची हेटाळणी किंवा कृष्णवर्णीयांचा द्वेष एवढ्यासाठीच होते. 2015 च्या जून व ऑगस्टमध्ये कंपनीने असे काही गट बंद केले. आपण विचारांवर नव्हे, वर्तनावर बंदी घालत आहोत, असे तिने जूनमध्ये सांगितले होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य बुडाले अशी ओरड झालीच. पण दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता: द्वेष मरत नाही, तो फक्त घर बदलतो.

जॉर्जिया टेक विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने 2017 मध्ये झालेल्या अभ्यासात दहा कोटींहून अधिक संदेश तपासले गेले. बंद गटांतील बरेच सदस्य रेडिट सोडून गेले. काहींनी फारसे नियम नसलेली दुसरी जागा शोधली. जे राहिले, त्यांच्या लिखाणातील द्वेषाची भाषा मात्र किमान 80 टक्क्यांनी घटली, आणि ते ज्या गटांत मिसळले तेही बिघडले नाहीत. म्हणजे आक्षेप अर्धाच खरा. माणूस तोच, पण टाळ्या वाजवणारी मंडळी पांगली की त्याची जीभ आवरते.

मग दिसेल ते खोडत सुटावे काय? सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनास यांचे मानवी कायद्यावरील विवेचन आम्हाला फार कोरडे वाटले होते. आज ते कामी येते. कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला मनाई करू नये, असे ते म्हणतात. जे गंभीर आहेत, विशेषतः ज्यांनी इतरांना इजा होते आणि जे रोखल्यावाचून समाज टिकणार नाही, तेवढेच रोखावेत. फार आवळले तर दुबळी माणसे अधिक वाईटाकडे वळतात, हेही त्यांनी ओळखले होते. तेव्हा सरकारवर, धर्मगुरूंवर (होय, आमच्यावरही) केलेली कडवट टीका राहू द्यावी. एखाद्या समाजाला माणसांतूनच उठवणारा मजकूर मात्र वेगळा. म्यानमारमधील हिंसा भडकवण्यासाठी आपला वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली फेसबुकने नोव्हेंबर 2018 मध्ये दिली. तोवर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले, की समान हेतू नसेल तर सदस्याच्या संदेशासाठी ॲडमिन फौजदारी दोषी ठरत नाही. ऐकून आम्हालाही हायसे वाटले होते. पण 2022 पासून व्हॉट्सॲपने दुसऱ्याचा संदेश पुसण्याची सोय ॲडमिनच्या हाती दिली आहे. न्यायालयात सुटलो, तरी हातात होते ते का केले नाही, हा प्रश्न उरतोच.

तिसऱ्या दिवशी आम्ही ते संदेश पुसले, कारण समूहात लिहिले, आणि पहिला मजकूर पाठवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. ते रागावले. त्यांना समूहातून काढलेले नाही. हे बरोबर केले की नाही, याविषयी तुमचे मत मिस्सानंतर जरूर सांगा.