वाइनची पक्वता कशी ओळखावी?

नाशिक व सांगली भागातील काही द्राक्ष बागायतदार वाइनच्या जातींची लागवड करतात, काहींनी स्वतःच्या लहान वायनरीही काढल्या आहेत. बाटली किती वर्षे ठेवली म्हणजे वाइन उत्तम होते, हा प्रश्न त्यांच्याकडून हमखास विचारला जातो. त्यामागे 'जुनी तेवढी चांगली' हा समज असतो. तो बहुतांशी चुकीचा आहे. जगात तयार होणारी बरीचशी वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. फ्रान्समधील बोजोले नूव्हो ही वाइन तर सुगीच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. याउलट बोर्दो भागातील उत्तम लाल वाइन दहा-वीस वर्षे व त्याहूनही अधिक काळ मुरत ठेवतात.

हा फरक का पडतो, ते नीट समजून घ्यावे. लाल वाइनमध्ये साल व बियांतून आलेले टॅनिन असते. कच्च्या जांभळाने जीभ आखडते, तोच हा तुरटपणा. बाटलीत टॅनिन व रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांशी जोडली जातात, तुरटपणा मऊ होतो व काही भाग साका होऊन तळाशी बसतो. आम्लता आणि साखर हेही टिकाऊपणाचे आधार होत. ज्या वाइनमध्ये मुळात टॅनिन कमी व आम्लता बेताची, तिला मुरण्यासारखे काही नसते. ती फक्त म्हातारी होते.

आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. काढणी लांबली की ऊन वाढते, आम्लता घटते व सामू चढतो. सामू ३.८ च्या पुढे गेल्यास सल्फर डायऑक्साइडचा प्रभाव बराच कमी होतो व अशी वाइन लवकर ढासळते. म्हणजे बाटलीचे आयुष्य बऱ्याच अंशी बागेतच ठरते. शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां यांच्या साध्या पांढऱ्या वाइन एक ते दोन वर्षांत संपवाव्यात. चांगल्या पिकलेल्या शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यो द्राक्षांची, ओक पिंपात ठेवलेली वाइन काही वर्षे सुधारू शकते.

पक्वतेची पहिली खूण रंग. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. तरुण लाल वाइनची कड जांभळट असते, पुढे ती माणकासारखी व नंतर विटकरी होते. संपूर्ण पेलाच तपकिरी दिसू लागला तर वेळ टळली असे समजावे. पांढरी वाइन हिरवट पिवळ्यापासून सोनेरी व अखेर तपकिरी होते. दुसरी खूण वास. ताज्या फळाचा वास जाऊन सुकामेवा, चामडे, ओल्या पालापाचोळ्याची छटा येते. फळाचा वास अजून टिकून आहे आणि या छटाही आल्या आहेत, तो काळ उत्तम. शिर्क्यासारखा वास हा मात्र मुरण्याचा नव्हे, बिघाडाचा आहे. चवीत तुरटपणा निवलेला असावा, पण पाणचटपणा नसावा.

एका बाटलीवरून निर्णय घेऊ नये. बारा बाटल्यांची एक पेटी राखून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी एक उघडून रंग, वास व चव वहीत नोंदवावी. अर्धी बाटली बूच लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. चव तशीच किंवा अधिक खुललेली असेल तर वाइनमध्ये अजून दम आहे. एका रात्रीत मलूल झाली तर राहिलेला साठा लवकर विकावा किंवा प्यावा. उतार लागलेली वाइन ठेवून पुन्हा वर येत नाही. लहान वायनरीवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण भाव येईल म्हणून गोदामात अडकवलेली पांढरी वाइन भाव घालवूनच बसते.

हे सर्व साठवण बरी असेल तरच खरे. सुमारे १२ ते १४ अंश सेल्सिअस स्थिर तापमान, अंधार व बुचाच्या बाटल्या आडव्या, ही पद्धत योग्य होय. मे महिन्यात चाळिशीला टेकणाऱ्या पत्र्याच्या खोलीत चांगली वाइनही एका उन्हाळ्यात खराब होते. स्वयंपाकघरातील फळीवर तर ठेवूच नये.

साका बसलेली बाटली उघडण्यापूर्वी एक दिवस उभी ठेवावी व न हलवता सावकाश ओतावी. तळाचे दोन-तीन चमचे सोडून द्यावेत; ते अपायकारक नसतात, पण कडवट लागतात.