बांधावरील फुले आणि शेतीचे मूक साहाय्यक

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतीचे स्वरूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पुढे डाळिंब, द्राक्षे व भाजीपालाही आला. कांडीपासून लागण होणाऱ्या उसाला परागसिंचनाची गरज नाही. परंतु कांद्याचे बियाणे, कारली, डाळिंब यांचे उत्पन्न कीटकांच्या ये-जा करण्याशी निगडित आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी व स्त्रीकेसर नंतर पक्व होतो; कारल्याची नर व मादी फुले वेगळी असतात.

युरोपात केसाळ रानमाश्यांसाठी शेताच्या कडेने फुलझाडांचे पट्टे राखले जातात. त्या माश्या आपल्या देशात प्रामुख्याने हिमालयात आढळतात. आपल्याकडे त्यांच्या तोडीचे काम करणारा कीटक म्हणजे काळा भुंगा होय. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो व पराग झाडून घेतो. सातेरी माशीला हे साधत नाही. फुलोरी, आग्या आणि जमिनीत बिळे करणाऱ्या एकांडया माश्याही परागसिंचन करतात.

सलग उसाच्या पट्ट्यात या कीटकांना महिनोन् महिने अन्न मिळत नाही. यावर उपाय बांधावरच आहे. खरिपात तीळ, कारळा व झेंडू, त्यानंतर तूर, रब्बीत धने, मोहरी व बडीशेप, तर उन्हाळ्यात गिरिपुष्प, कडुनिंब व करंज अशी योजना केल्यास वर्षभर फुलोरा राहतो. यांतील बहुतेकांपासून घरखर्चास हातभारही लागतो. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वीच उपटावे.

अन्नाइतकाच निवाराही महत्त्वाचा आहे. भुंगा वाळक्या लाकडात व बांबूत घर करतो. म्हणून एखादे वठलेले खोड राहू द्यावे. बांधाचा थोडा भाग न नांगरता ठेवावा, पाचट पेटवू नये. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अपरिहार्य असल्यास मधमाश्यांना कमी घातक औषध निवडून सूर्यास्तानंतर फवारावे.

बांध कोरण्यावरून भाऊबंदकीत तंटे होतात आणि बांध दरवर्षी अरुंद होत जातो. त्यासोबत या साहाय्यकांचे घरही नाहीसे होते. शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी सामाईक बांध फुलता ठेवल्यास त्याचा लाभ दोन्ही शेतांना होईल, कारण भुंग्याला गटनंबर ठाऊक नसतो.